वाफ्यावरची चिंधी

आमच्या वाडीवर गिऱ्हाइकाला तोंडानं ‘नाही’ म्हणायची रीत नव्हती. वाशीमच्या बाहेर, रिसोडच्या रस्त्याला लागून आमची भाजीपाल्याची वाडी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. माल वाफ्यात उभा असतानाच भाजीचे व्यापारी, बागवान, यायचे, बांधावर उकिडवे बसायचे, दोन पानं उलटून बघायचे आणि पटलं तर एक रुपया इसार म्हणून बाबांच्या हातावर ठेवायचे. रुपया हातावर पडला की बाबा जुन्या धोतराची चिंधी फाडून वाफ्याच्या कोपऱ्यातल्या काडीला बांधत. झालं. तो वाफा गेला. मागून दुसरा कोणी जास्त भाव घेऊन आला तर तो ती चिंधी बघे, इकडचं-तिकडचं बोले, माय गुळाचं पाणी देई ते पिऊन उठे. त्यानं विचारायचं नाही, आम्ही सांगायचं नाही. मी लहानपणी एकदा एका म्हाताऱ्या बागवानाला ओरडून सांगितलं होतं, ‘चाचा, हा नाही भेटत, हा गेला!’ तेव्हा बाबांनी मला मारलं नव्हतं, पण दिवसभर बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘दारी आल्या मानसाले नाई म्हनलं का तो पुन्ना पायरी चढत नाई. चिंधी सांगते ना? मंग आपन काहून सांगाव?’’

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी अभिमानानं लिहितो, आणि का लिहू नये? माझ्या आधी आमच्यात कोणाला सहीसुद्धा येत नव्हती. पण त्या पदवीची हकीकत सांगायला बसलो की माझ्या कानात आधी कॉलेजची घंटा वाजत नाही, मोटेचं चाक वाजतं. त्या चाकाला कितीही तेल घाला, ते चढताना एक आणि उतरताना दुसरा असा आवाज करायचं, आणि त्या दोन आवाजांच्या मधे, मोट भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, सगळी वाडी गप्प असायची. त्या गप्प बसण्याची मला आता भीती वाटते. म्हातारपणी माणसाला कशाची भीती वाटेल ते सांगता येत नाही.

मोट चालू असतानाच हरसिंग यायचा. तो आमच्या वाडीपासून कोसभर पलीकडच्या तांड्यावरचा. रोज सकाळी पायी येई, आमच्या दांडाच्या, म्हणजे मोटेच्या पाटाच्या, पाण्यात पाय धुई, आणि तिथून आम्ही दोघं मिळून वाशीमच्या इंग्रजी शाळेत जायचो. माय चुलीपुढून हाक मारी, ‘‘हरसिंग, आलास का रे बाप्पा? बस, भाकर घे.’’ तो म्हणे, ‘‘जेवून आलो, माय.’’ माय म्हणे, ‘‘खोटा कुठला! पोट पाठीले लागून राह्यलं आन् म्हनते जेवून आलो.’’ मग ज्वारीची गरम भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार आणि ठेचा. हरसिंग ठेचा बोटानं चाटून खायचा आणि डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचा, ‘‘माय, तू मिरची लावत नाईस, इस्तू लावतस.’’ गणितात तो माझ्या पुढे होता, इंग्रजीत मी त्याच्या. वर्गात आमचे नंबर मागेपुढे असत. तो मागे राहिला तर त्याला वाईट वाटत नसे, मी मागे राहिलो तर मला वाटे. एवढा फरक आमच्या दोघांत होता, आणि तो मी त्या वयात कोणाला कबूल केला नसता.

आम्ही दोघं मॅट्रिक पास झालो तेव्हा हेडमास्तरांनी आम्हाला घरी बोलावून पाटावर बसवलं, पेढा दिला आणि स्वतःच्या हातानं आमचे अर्ज लिहिले. कॉलेज म्हणजे काय, त्याला काय लागतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दोन ठिकाणी अर्ज पाठवले. एक अमरावतीच्या एका वसतिगृहाला आणि तिथल्या कॉलेजला, एक नागपूरच्या एका फंडाला, जो हुशार आणि गरीब मुलांना पैसे देत असे. ‘‘कुठून तरी येईल,’’ ते म्हणाले, ‘‘पण जे येईल ते नीट वाचा. नाही समजलं तर माझ्याकडे या.’’ हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं होतं.

अमरावतीचा कागद मला आधी आला, हरसिंगला आला नाही. तिथे एकच खाट रिकामी होती. मराठीत लिहिलेलं सरळ पत्र होतं. दोन वेळचं जेवण आणि झोपायची जागा फुकट, त्याबदल्यात रोज सकाळी वसतिगृहाच्या बागेला पाणी घालायचं. कॉलेजात अर्धी फी माफ. आणि पत्रासोबत पाच रुपयांची मनिऑर्डर, गाडीभाड्यासाठी. पोस्टमननं ते पाच रुपये बाबांच्या हातावर ठेवले आणि अंगठा घेतला. बाबांनी रुपयांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून म्हणाले, ‘‘वाडी सोडून वाडीतच चालला लेकाचा.’’

आठ दिवसांनी नागपूरचं पत्र आलं. जाड कागद, टाइप केलेलं इंग्रजी, आणि टाचणीनं लावलेलं एक जवाबी कार्ड. संध्याकाळचा उजेड होता. मोट सुटली होती. किसनभाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ, बैलांना पाणी दाखवून आला आणि सगळी ओट्यावर बसली. मी उभं राहून ते पत्र वाचलं. आधी इंग्रजी, मग त्याचं मराठी. समजायचं कोणाला नव्हतं, पण इंग्रजी ऐकताना माय माझ्या तोंडाकडे असं बघत होती की मी पहिला परिच्छेद दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदात दरमहा किती रुपये ते होतं. रक्कम ऐकून किसनभाऊनं शिट्टी मारली. दुसऱ्या परिच्छेदात नियम होते. तिसऱ्यात आकडा नव्हता, तेव्हा तो मी सोडला. खाली सही वाचली.

बाबांनी चिलीम भरली. मग त्यांनी मला एकेक प्रश्न विचारला. वाफा विकताना ते असेच विचारत.

‘‘पैसा आधी देते का मागून?’’

मी दुसरा परिच्छेद पुन्हा बघितला. पैसे टर्म संपल्यावर, कॉलेजचा दाखला पाठवल्यावर मिळणार होते. फी आधी आपणच भरायची.

‘‘तवर पोट्ट्याले खाऊ कोन घालते?’’

ते पत्रात नव्हतं.

‘‘नापास झाला तं?’’

पैसे बंद. शिवाय घेतलेले परत.

‘‘आन् जामीन?’’

घरदार असलेला एक प्रतिष्ठित इसम.

‘‘म्हंजे भाव मोठा, पन माल आपनच नागपुरात नेऊन टाकाचा, आन् सडला तं आपला,’’ बाबा म्हणाले. ‘‘अमरावतीवाला थोडा देते, पन वाडीवरून उचलते. आन् त्याचा इसार आपन घेतला.’’

किसनभाऊ म्हणाला, ‘‘इसार वापस करता येते, बाबा. मोठा आकडा हाय.’’

‘‘इसार वापस केलेला तुनं कदी पाह्यला का माह्या हातून?’’

तो विषय तिथे संपला. मी पुढे शाळेत मास्तर झालो, मग हेडमास्तर. कॉलेजला निघालेली किती मुलं मदतीचे कागद घेऊन माझ्यापुढे बसली असतील. त्यांना मी हेच चार प्रश्न विचारत आलो. पैसा आधी की मागून, खायला कोण घालणार, नापास झालास तर काय, आणि जामीन कोण. शिकलेल्या माणसांनाही मोठा आकडा पहिल्या परिच्छेदात दिसला की हे प्रश्न सुचत नाहीत. माझ्या अंगठेबहाद्दर बापाला सुचले. निवड बरोबरच होती. ती मी आजही तशीच करीन. चूक निवडीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला वाडीत घेऊन गेले आणि काठीनं दाखवत चालले. उरलेल्या अर्ध्या फीचं काय करायचं ते त्यांनी रात्रभरात ठरवलं होतं. ‘‘पयल्या टर्मची फी ह्या वांग्यावर. दुसरीची त्या पलीकडच्या वाफ्यावर, तिथं कांदा लावतो. परीक्षेची फी म्हनतेस ना, ते हिवायातल्या मेथीवर. पुस्तकं मिरचीवर.’’ माय मागून आली. तिनं विहिरीजवळचा सांबाराचा तुकडा दाखवला. ‘‘हे माहं. हे तुह्या साबनाचं, तेलाचं. याले कोनी हात लावाचा नाई.’’ पुढे कॉलेजात बाकावर बसलो असताना मला ते वाफे दिसत. पुस्तकाला कधीकधी मिरचीचा वास येतो असं वाटे. थंडी जास्त पडली की मला परीक्षेआधी मेथीची काळजी.

घरी येऊन बाबांनी चिंधी फाडली आणि माझ्या नव्या पत्र्याच्या पेटीच्या कडीला बांधली. सगळी हसली. हरसिंग आला, त्यानं ती चिंधी बघितली आणि कपाळाला हात लावला. ‘‘विकला गेला का बे श्रावन! कितीत गेला?’’

‘‘अमरावतीले गेलो.’’

‘‘बरं झालं. मी नागपूरले जातो. दोघं एकाच जागी असलो तं तू माह्या गनिताची नक्कल करशीन.’’

नागपूरचं पत्र मला आलं होतं हे मी त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मला वाटलं, त्यालाही येईल, मग सांगू. असं मला वाटलं होतं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते पत्र बाबांनी कोनाड्यात ठेवलं. कार्डाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. वाफ्याला चिंधी बांधली होती. आता नागपूरच्या माणसाला वेगळं काय कळवायचं? आमच्या घरात त्या दिवशी एकाच्याही मनात हे आलं नाही की नागपुरात बसलेल्या माणसाला आमच्या पेटीची चिंधी दिसत नाही.

मी निघेपर्यंतचे तीन आठवडे हरसिंग रोज वाशीमच्या पोस्टात जाऊन बसे. पोस्टाच्या पायऱ्यांच्या बाजूला एक दगडी ओटा होता. टपालाची पिशवी स्टेशनावरून यायची वेळ झाली की तो तिथे. पोस्टमास्तरनं त्याला एकदा विचारलं, ‘‘काय रे, सासऱ्याचं पत्र यायचंय का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही साहेब, नागपूरचं.’’ मग पोस्टातले सगळे त्याला ‘नागपूर’च म्हणू लागले. ‘‘ए नागपूर, आज नाही तुझं.’’ तो उठे, टोपी झटके आणि तीन कोस चालत परत जाई. मी भाजी उतरवून परत येताना त्याला तिथे बसलेला बघायचो. आजही कुठल्या गावी दगडी ओट्यावर कोणी पोरगा एकटा बसलेला दिसला की मी रस्ता बदलतो. माझी बायको म्हणायची, तुम्हाला भलतीकडूनच जायची खोड आहे. तिला मी कारण सांगितलं नाही.

दिवाळीला मी घरी आलो. पहिली टर्म झाली होती, बूट होते पायात, आणि इंग्रजी आता मी न अडखळता वाचत होतो. वांग्यानं फी दिली होती. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा नव्या वाफ्यासाठी बी काढायला बसले. बी आमच्याकडे वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात, राख मिसळून ठेवत. तुंब्याच्या तोंडाला कागदाचा घट्ट बोळा. बाबांनी तो ओढून काढला आणि माझ्याकडे टाकला. ‘‘पाह्य बरं, कामाचा कागद हाय का. तुह्या मायनं लावला.’’

माय आतून म्हणाली, ‘‘मागून कोरं कार्ड होतं. जाड. म्हनलं मुंग्या जात नाईत.’’

मी ते उलगडलं. राखेनं काळं झालं होतं, पण छापलेलं सगळं वाचता येत होतं. दोन ओळी होत्या. मी ही मदत घेतो. मी ही मदत घेत नाही. यांतली एक खोडून परत पाठवा. आणि खाली बारीक शाईच्या अक्षरात कोणी कारकुनानं लिहिलेलं होतं की, नको असल्यास कार्ड अवश्य पाठवावे, कारण उत्तर आल्याखेरीज ही जागा दुसऱ्यास देता येत नाही.

मी उठलो आणि कोनाड्यातलं पत्र काढलं. तिसरा परिच्छेद वाचला. आकडा नसलेला. त्यात तेच होतं, मुदतीच्या तारखेसकट, आणि शेवटी लिहिलं होतं की त्याच शाळेतला पुढचा विद्यार्थी वाट पाहत आहे.

आमच्या शाळेतून अर्ज दोनच गेले होते.

त्या परिच्छेदातले एक-दोन शब्द मला जूनमध्ये येत नव्हते, हे खरं. हेडमास्तरांकडे जाऊन विचारायला मला लाज वाटली, मॅट्रिक झालेला माणूस विचारायला कसा जाणार, हेही खरं. पण ‘त्याच शाळेतला पुढचा विद्यार्थी’ हे शब्द मला जूनमध्येही येत होते. ते आम्ही सातवीत शिकलो होतो. माझी नजर त्यांच्यावरून गेली होती की नव्हती? मी डोळे मिटून त्या संध्याकाळच्या ओट्यावर कितीदा जाऊन उभा राहिलो असेन. पत्र हातात असतं, माय तोंडाकडे बघत असते, आणि तिसऱ्या परिच्छेदाशी आलो की मला पुढचं दिसत नाही.

कार्ड खिशात घातलं आणि तेवढ्यात कुत्रं भुंकलं. हरसिंग आला होता. वाळला होता. डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडी. मायनं त्याला करंज्या दिल्या, त्यानं दोन खाल्ल्या आणि दोन रुमालात बांधल्या.

‘‘हे याडीले,’’ तो म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणत. ‘‘उद्या चाललो, श्रावन. मुकादम मानसं नेऊन राह्यला, निजामाच्या मुलखात. सडकेचं काम हाय. हिसाब लिहाले मॅट्रिकवाला पाह्यजे म्हने.’’

‘‘कालेजचं?’’ मी विचारलं.

‘‘नागपूरवाले काही बोललेच नाईत ना लेका. मी दोन कार्डं टाकली. एकाले बी जवाब नाई. द्यायचं नाई तं नाई म्हनाव! मानूस दुसरा रस्ता धरते. हो नाई, नाई नाई, मानसानं कुठवर बसाव त्या ओट्यावर?’’

बाबा बी निवडत होते. त्यांचे हात थांबले नाहीत, त्यांना काही माहीतच नव्हतं. खिशातलं कार्ड माझ्या मांडीला टोचत होतं. तेव्हा बोललो असतो तर? हे बघ, जागा तुझीच होती, माझ्या उत्तरासाठी अडली, हेडमास्तरांकडे चल, पुढच्या सालचा अर्ज आजच लिहू. एवढंच बोलायचं होतं. तो चिडला असता. दोन शिव्या दिल्या असत्या. मग बसून अर्ज लिहिला असता, मी ओळखतो त्याला. पण माझ्या पायात बूट होते आणि सगळ्या घरात मी एकटा कॉलेजवाला होतो, आणि ज्यानं पत्र नीट वाचलं नाही तो कॉलेजवाला कसला, असं मला वाटलं. मी म्हणालो, ‘‘जपून जा.’’

तो दांडापर्यंत गेला आणि वळला. ‘‘मागून कागद आला तं याडीले सांगजो. ते निरोप धाडन. मी कुठूनबी येतो.’’

मोट चालू होती. चाक चढताना वाजलं. मग ते मधलं गप्प बसणं. मग उतरताना वाजलं, तोवर तो बांधापलीकडे गेला होता.

अमरावतीला परत गेल्यावर मी त्या फंडाला पत्र लिहिलं, चांगल्या इंग्रजीत. त्यांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. ते लोक व्यवस्थित होते. पहिल्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला काही कळवायचं नाही असा त्यांचा नियम होता; या सालची मुदत गेली, विद्यार्थ्यानं पुढच्या सालासाठी नव्यानं अर्ज करावा. पण अर्ज करणारा कुठे होता? उन्हाळ्यात सडकेवरची माणसं परत आली, हरसिंग आला नाही. कोणी म्हणे ताप आला होता, कोणी म्हणे दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढे गेला. जो म्हणे ताप आला होता, तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

हरसिंगची याडी रविवारच्या बाजारात सरपणाच्या मोळ्या घेऊन बसे, आमच्या भाजीच्या पाटीपासून चार पाट्या पलीकडे. मी सुटीत आलो की हटकून हाक मारी. ‘‘शावन्या, आला का रे कागद?’’ मी म्हणे, ‘‘नाई अजून, याडी.’’ बी.ए. झालो तेव्हा वाशीमच्या स्टेशनावर बाबांनी मला हार घातला, किसनभाऊनं पेटी डोक्यावर घेतली. त्या पेटीच्या कडीला ती चिंधी अजून होती. बाजारातून आमची वरात निघाली. याडी उठून उभी राहिली, तिनं माझ्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. आणि विचारलं, ‘‘आला का रे कागद?’’

पुढे मी मास्तर झालो. दर जूनमध्ये, ज्या मुलाला दोन ठिकाणाहून बोलावणं येई त्याला मी माझ्या टेबलाशी बसवून आधी नकाराचं पत्र लिहायला लावत असे, आणि स्वतः जाऊन टपालाच्या पेटीत टाकत असे. मुलं मागून हसायची. परवा माझी नातही तशीच हसली. म्हणाली, आबा, फोन केला तरी चालतो. मी म्हणालो, चालत असेल, तू लिही.

याडी फार जगली. तिची नजर गेली, मोळ्या सुटल्या, तरी ती रविवारी येऊन जागेवर बसे. एकदा, बाबा गेले त्या वर्षी, मी तिच्यापुढून जात होतो. तिनं माझ्या बुटांचा आवाज ओळखला.

‘‘शावन्या, आला का रे?’’

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. त्याच दिवशी का, ते मला माहीत नाही. ‘‘याडी, कागद तवाच येनार होता,’’ मी म्हणालो. ‘‘माह्या घरी अडला. मी जवाब नाई धाडला म्हनून त्याचा निघालाच नाई.’’ आणि सगळं सांगितलं. पत्र, कार्ड, तुंबा, भाऊबीजेच्या आदल्या दिवशीची दुपार, माझा खिसा. ती तोंड वर करून ऐकत होती, आंधळी माणसं ऐकतात तसं.

मी थांबलो. तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. रडली नाही. तिनं हात पुढे केला, माझ्या कोटाची बाही चाचपली, कापड दोन बोटांत धरून बघितलं आणि सोडून दिलं. मग इकडचं-तिकडचं बोलली. सरपण महाग झालं, थंडी लवकर पडली, तुझी माय बरी आहे का. बाजार उठेपर्यंत मी तिच्यापाशी बसून होतो.

त्यानंतर तिनं मला कागदाचं कधीच विचारलं नाही. दर रविवारी मी बूट वाजवत तिच्यापुढून जायचो आणि ती मान दुसरीकडे करून गप्प बसायची. विचारायचं नाही, सांगायचं नाही. आमच्याकडची रीत तिलाही माहीत होती.